पोरगं समोरच्या पेठेत गेलं म्हणून

कोल्हापूर, मंगळवार पेठ

प्रिय भावा,

परवा रात्री फोनवर तू भाच्याबद्दल जे बोललास ते अजून डोक्यातनं जात नाही. "मंगळवार पेठेत वाढलेलं पोरगं शिवाजी पेठेच्या तालमीकडनं नोंदणी करतंय, माझं नाव घालवलं त्यानं." फोनवर मला तुझ्यापुढं बोलता येत नाही. तू वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन निवांत वाच आणि मगच त्याला फोन कर.

तुझा राग मला कळतो. माझ्यातही तो आहेच. पण आपली ही फुटबॉलची लीग कशी उभी राहिली ते जरा आठव. तू चाकणला गेल्यापासनं तुझ्या डोक्यात फक्त आपल्या वेळची पाच-सहा वर्षं राहिलीत.

फुटबॉल देशात आला साहेबाबरोबर, पण आपल्या गावात रुजला तो तालमीत. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान बांधलं. गल्लोगल्ली तालमी होत्याच. लाल मातीचा हौदा, बाहेर कट्टा, कट्ट्यावर वडीलधारी माणसं. गणपती तालमीचा, वर्गणी तालमीची, कुणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला आधी तालमीतली पोरं. त्याच पोरांनी बॉल हातात घेतला, तेव्हा संघाला वेगळं नाव शोधायची गरजच पडली नाही. म्हणून तर आपल्याकडं संघांची नावं अशी आहेत : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. बाहेरच्या माणसाला ही कुस्तीची यादी वाटते. चाकणला तुझ्या कंपनीतल्या लोकांना सांगून बघ, 'वाघाची तालीम' हा फुटबॉलचा संघ आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग १९४० साली, संस्थान असतानाच, ही लीग चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली. तुझ्या-माझ्या तोंडातली केएसए. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार गेला, पण केएसए राहिली आणि छत्रपती घराण्याचा हातही तिच्या पाठीवर राहिला. राज्य गेल्यावरही राजाच्या काळातली एक गोष्ट पेठांनी स्वतःच्या जिवावर चालू ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. यात कंपनीचे संघ नव्हते, कारखान्याचा पैसा नव्हता. मुंबईत मोठ्या कंपन्यांचे, बँकांचे संघ असायचे, खेळाडूला नोकरी मिळायची. आपल्याकडं दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभं राहायचं, हात ऑइलचे, आणि संध्याकाळी सराव. हौशी म्हणतात ते हेच, पण हा शब्द मला हलका वाटतो. हौस दोन-चार वर्षं टिकते रे, हे ऐंशी वर्षांवर चाललंय.

आणि मैदानं बघ. शाहू स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ. तळी बुजवली, त्यावर पोरं खेळायला लागली. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं तेव्हा मला वाटतं, तळं आपली जागा विसरलेलं नाही. म्हणून आपला हंगामसुद्धा पाण्याच्या हिशेबानं चालतो : दिवाळीनंतर लीग, मग नॉकआउटचे चषक, आणि वळवाची भीती लागली की सगळी घाई.

लीगमध्ये वरिष्ठ गटात सोळा संघ. तुला आठवतं, कागदावर सगळे सारखे, पण मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ सामना लागला की दुपारपासनं शहराची चाल बदलायची. हलगी, झेंडे, तिकिटाला रांग, वर गॅलरीत दोन्ही बाजू वेगळ्या. ईर्षा हा शब्द पुस्तकात वाईट अर्थाचा आहे, आपल्याकडं तो कौतुकानं उच्चारतात. ईर्षा नसती तर ही लीग कधीच बंद पडली असती हे मी मानतो. पाटाकडील हरले म्हणून त्या रात्री न जेवलेली माणसं मी बघितलीत. अशी माणसं असली की संघ मरत नाही.

पण याच ईर्षेनं किती नासाडी केली तेही लिहितो, कारण तू ते बोलत नाहीस. दगड आले, बाटल्या आल्या, सामने थांबले, बंदोबस्त वाढला. लेकराला खांद्यावर घेऊन येणारे बाप यायचे बंद झाले. नंतर नायजेरियातले खेळाडू आले. त्यांच्याकडनं पोरं अंग घालून बॉल राखायला शिकली, हे खरं आहे. आणि त्यांच्यामुळं गल्लीतलं पोरगं बाकावर बसलं, हेही खरं आहे. दोन्हीतलं एकच धरून भांडणाऱ्यांचं मला पटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण खेळत होतो तेव्हा पेठ बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखं होतं. आज नोंदणीच्या दिवसांत पोरं इकडची तिकडं जातात, थोडंफार मानधन मिळतं. मलाही आधी ते खुपायचं. कट्ट्यावर मीच सगळ्यात मोठ्यानं बोलायचो. पण मग मला तुझा गुडघा आठवला.

भावा, तू हा विषय काढू देत नाहीस, तरी काढतो. तू चोवीस वर्षांचा होतास. कॉर्नरवरनं बॉल आला, तू उडी घेतलीस, खाली येताना पाय मुडपला आणि तो आवाज मी हाफलाइनवर असून ऐकला. आपल्या तालमीनं वर्गणी काढली, पंधरा दिवस माणसं येत राहिली. मग पुढचा सामना लागला, नवा गोलकीपर उभा राहिला आणि तुझ्याकडं येणं थांबलं. मी कुणाला वाईट म्हणत नाही. मीही आठवड्यानं यायला लागलो होतो, त्याची लाज मला आजही आहे. पण रोज संध्याकाळी एम-एटी गाडीवर तुला बसवून व्यायामाला कोण न्यायचं? ज्याच्या अंगावर तू पडलास तो शिवाजी पेठेतला फॉरवर्ड. अडीच महिने. त्याच्या आईनं डिंकाचे लाडू पाठवलेले, मीही खाल्लेत त्यातले.

तुझ्या भाच्यानं नोंदणी केलेली तालीम त्याचीच आहे. तो आता तिथं पोरांना शिकवतो. तुला हे कुणी सांगितलं नसणार, कारण पोरगं तुझ्यापुढं तोंड उघडत नाही. मी त्याला विचारलं, तिकडंच का. म्हणाला, "काका, ते मला डाव्या पायानं खेळायला शिकवतात. इकडं मला फक्त पळवतात." मला उत्तर देता आलं नाही.

आणि पैशाचं म्हणशील, तर त्यानं पहिल्याच बैठकीत विचारलं की दुखापत झाली तर औषधपाण्याचं काय. अठरा वर्षांचं पोरगं! तुझा गुडघा बघत मोठं झालंय ते. आपण कधी असलं काही विचारलं असतं का? विचारलं असतं तर तू आज जिना चढताना कठडा धरला असतास का?

बाहेरही बघ जरा. आपला अनिकेत जाधव २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं उतरला. त्या रात्री इथं कुणी विचारलं नाही की पोरगं कुठल्या पेठेचं. कोल्हापूरचं, एवढंच. गडहिंग्लजकडची अंजू तुरंबेकर देशभरातल्या लहान पोरांच्या फुटबॉलचं काम बघायची. ही माणसं गल्लीतनं निघाली आणि गल्लीपलीकडं गेली. त्यांना कुणी धरून ठेवलं असतं तर?

एक सांगायचं राहिलं. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री मी तिथं होतो. आपल्या स्टेडियमपासनं किती अंतर ते तुला माहीत आहे. आगीकडं बघत दोन्ही पेठांतली माणसं एकमेकांशेजारी उभी होती आणि रडत होती. मी ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता त्याच्याशी मागं एकदा गॅलरीत माझी हातघाई झालेली. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

भाच्याचा पहिला सामना आपल्याच तालमीबरोबर आहे. मी बसणार आपल्याच बाजूला, झेंडा आपलाच धरणार, त्यानं गोल मारला तर मला वाईटही वाटणार. पण तू ये. शनिवारी रात्रीची एसटी धर, पहाटे स्टँडवर मी गाडी घेऊन येतो. गॅलरीच्या पायऱ्या तुला त्रास देतात, म्हणून खालच्या ओळीतली दोन तिकिटं सांगून ठेवलीत. आणि तो जुना फॉरवर्ड विचारत होता, गोलकीपर येणार आहे का म्हणून. त्याला काय सांगू ते कळव.

वहिनींना नमस्कार. पोरींना आशीर्वाद.

तुझा,
हाफलाइनवरचा