एक नो ट्रम्प बोलायला घाबरू नका

संपादक महोदय,
स.न.

आपल्या पुरवणीतले ब्रिजचे सदर मी नेमाने वाचते आणि नवशिक्यांना शिकवताना त्यातले डाव वापरतेही. गेल्या खेपेला मात्र त्यात एक वाक्य होते, ते काही पटले नाही: चारही रंगांत स्टॉपर (विरोधकांचा रंग अडवणारे मोठे पान) असल्याशिवाय ‘एक नो ट्रम्प’, म्हणजे हुकूम न ठेवता सहा अधिक एक असे सात हात करण्याची बोली, बोलू नये. माझ्याकडे येणारी बरीच मंडळी हा नियम कुठूनतरी पाठ करूनच आलेली असतात. आता त्याला छापील आधार मिळाल्यावर माझे कोण ऐकणार!

पुढची पाने बघा. इस्पिक राजा-गुलाम-सहा, बदाम सात-चार, चौकट एक्का-राजा-आठ-तीन, किलवर एक्का-गुलाम-नऊ-दोन. एकूण १६ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), समतोल पाने, म्हणजे कोणताच रंग फार लांब किंवा फार तोकडा नाही. एक नो ट्रम्पची मर्यादा १५ ते १७ ठेवली, तर बोली ठरलेलीच आहे. पण बदामात काहीच नाही म्हणून आमचा नवा खेळाडू ‘एक चौकट’ म्हणतो. भिडू म्हणतो ‘एक बदाम’. आता? एक नो ट्रम्प म्हणजे १२ ते १४ गुण, उडी मारून दोन नो ट्रम्प म्हणजे १८-१९. दोन किलवर म्हणावे, तर भिडू समजणार की चौकट निदान पाच आणि किलवर चार आहेत. म्हणजे एकही बोली खरी उरत नाही. पहिल्या बोलीला जे सरळ सांगता आले असते, त्यासाठी दुसऱ्या बोलीला खोटे बोलावे लागते, आणि भिडू त्या खोट्यावर पुढचा हिशोब मांडत बसतो.

बदामाची भीती तरी केवढी? तो रंग भिडूकडे असण्याची शक्यता चांगली असते. समजा, त्याच्याकडेही तीनच फालतू बदाम निघाले, तर विरोधकांकडे आठ राहिले. ते चार-चार वाटलेले असतील, तर त्यांचे चारच हात होतात आणि तेरातून चार गेले की तीन नो ट्रम्पला लागणारे नऊ उरतात. कधी पाच बदाम एकाकडे सापडतात आणि डाव बुडतो, हे खरे. पण उतारी करणाऱ्याला आपली दुखरी जागा माहीत नसते. रंग बोलून बोलून आपणच ती त्याला दाखवून देतो.

वाटलेल्या पानांत समतोल पाने म्हणजे ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ येण्याचे प्रमाण सुमारे ४७.६ टक्के आहे. जवळपास निम्मे डाव! आणि शिकवताना यांनाच सगळ्यात कमी वेळ मिळतो. मिल्टन वर्क यांच्या नावाने चालणारी ४-३-२-१ ही मोजणी हुकमाच्या डावात पुष्कळदा फसवते, पण समतोल पानांसमोर समतोल पाने आली की चांगली साथ देते. दोघांचे मिळून २५-२६ झाले की तीन नो ट्रम्प, ३३ झाले की सहा. (नुसती राणी-गुलाम अशी दोनच पाने असलेल्या रंगाचे तीन गुण मी विद्यार्थ्यांना पूर्ण धरू देत नाही, आणि दश्शे-नव्वे भरपूर असले तर एक गुण चढवून धरायला सांगते.) एक नो ट्रम्प बोलणाऱ्याने आपले सगळे सांगून टाकलेले असते. पुढचा निर्णय भिडूचा. त्याने आठ-नऊ गुणांवर दोन म्हणावे, दहा असतील तर सरळ तीन.

‘सरळ तीन’ यावर माझा भर आहे, कारण याच सदरात लगेच पुढच्या परिच्छेदात स्टेमन नावाची सांकेतिक बोली आली. एक नो ट्रम्पला दोन किलवर बोलून चार पानी इस्पिक-बदामाची चौकशी करायची, ही सोय उत्तम आहे. पण ती शिकल्यापासून आमची मंडळी चार इस्पिक दिसले की चौकशी करतातच. एकाकडे इस्पिक एक्का-राणी-सात-चार, बदाम राजा-आठ-तीन, चौकट एक्का-सहा-पाच, किलवर एक्का-सात-दोन; भिडूकडे इस्पिक राजा-सहा-पाच-दोन, बदाम एक्का-नऊ-पाच, चौकट राजा-सात-चार, किलवर नऊ-आठ-तीन. चौकशी झाली, इस्पिक जुळले, चार इस्पिकची, म्हणजे इस्पिक हुकूम करून दहा हातांची, बोली लागली. एक बदाम, एक चौकट आणि दोन किलवर गेले, डाव एका हाताने बुडाला. तीन नो ट्रम्पला, इस्पिक तीन-दोन वाटलेले असले की, तेच नऊ हात वरच्या वर मोजून घ्यायचे होते. दोघांकडे ४-३-३-३, हुकूम मारायला जागाच नाही, मग दहावा हात येणार कुठून? भिडूची पाने ४-३-३-३ असतील तर स्टेमन विसरावे, एवढे एक वाक्य सदरात हवे होते.

कोणी म्हणेल, अ‍ॅकोल या बोलीपद्धतीने खेळणारे १२ ते १४ गुणांवरच एक नो ट्रम्प बोलतात, त्यांचे काय? खुशाल बोलावे. मग १५-१६ वाला आधी रंग बोलतो आणि नंतर नो ट्रम्पवर येतो. गुणांचे टप्पे तेवढे सरकतात. मला ती पद्धत आवडते, फक्त नवशिक्यांना देत नाही. व्हल्नरेबल (ज्या डावात दंड जास्त बसतो ती स्थिती) असताना विरोधकांनी डबल म्हणून दंड वाढवला आणि दोन हात कमी पडले की ५०० गुण जातात, आणि पुढचे चार डाव नवशिक्याची बोलीच बंद होते.

सदरलेखकांचा अभ्यास दांडगा आहे, यात शंका नाही. त्यांना एवढीच विनंती की पुढचे दोन-तीन भाग कोणतेही कन्व्हेन्शन (स्टेमनसारखी सांकेतिक बोली) न देता फक्त समतोल पानांना द्यावेत. डावातल्या चारही खेळाडूंची पाने छापण्याऐवजी एका खेळाडूचीच तेरा पाने छापावीत, भिडूची बोली द्यावी आणि ‘आता तुम्ही काय म्हणाल?’ एवढे विचारून उत्तर पुढच्या आठवड्यात द्यावे. आणि त्यातल्या एका तरी खेळाडूच्या पानांत बदाम सात-चार असू द्यावेत.

आपली,
एक वाचक व ब्रिज शिक्षिका