स्नेहलच्या ॲडमिशनचं, आई-बाबांना

आई, बाबा,

काल फोन मधातच कटला, तिकडे लाईन गेली असेल. पण बाबा तुम्ही शेवटी जे बोलले ना, सोमवारी क्लासवाल्याला टोकन देऊन टाकतो, ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. म्हणून सगळं लिहून पाठवतो, स्नेहलकडून वाचून घ्या, तिच्याही कामाचं आहे.

पहिले एक क्लिअर करतो, पोट्टीला कम्प्युटर सिक्युरिटीत जायचं आहे याला माझा विरोध नाही, उलट मला खूप आनंद झाला. विरोध आहे तो त्या क्लासच्या १ लाख १० हजार फीला. तिनं मला पत्रक पाठवलं होतं, टोपीचं जॅकेट घातलेला तोंड न दिसणारा माणूस, मागे हिरवे आकडे आणि खाली "६ महिन्यांत एथिकल हॅकर, १००% प्लेसमेंट". आत सिलॅबस म्हणजे सॉफ्टवेअरची नुसती नावं, आणि नेटवर्किंगला, म्हणजे कम्प्युटर एकमेकांशी कसे जोडले जातात त्या पायाला, दोन दिवस! दोन दिवसात काय होते बाप्पा. नांगरणी-वखरणीचा पत्ता नाही आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघाले, तसं आहे हे. प्लेसमेंट कोणत्या कंपनीत, पगार किती, लेखी दे म्हणा त्याला, मग बघा काय सांगते तो. आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खताचा पैसा तिकडे टाकून तुम्ही कोणाकडे हात पसरणार असाल तर नाहीच नाही.

मी इकडे काय करतो तेही एकदा सांगतो, कारण आईला अजून वाटते मी कम्प्युटर रिपेअर करतो. दुसऱ्या कंपन्यांच्या कम्प्युटरमध्ये कोणी चोर घुसला का, यावर आमची टीम लक्ष ठेवते. मागे एकदा नाईटला एका कंपनीचा अलर्ट आला, त्यांच्या हिशोबवाल्या मॅडमचं ईमेल संध्याकाळी पुण्यातून उघडलं आणि पाऊण तासात दुसऱ्या देशातून. एवढ्यावरूनच बोंब मारता येत नाही, व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून फिरवून आणणारी सोय) असलं तरी असं दिसते कधी कधी. मग मेलबॉक्सच्या सेटिंग पाहिल्या तर कोणीतरी एक रूल करून ठेवलेला, 'इनव्हॉइस' शब्द असलेली मेल आली की ती वाचली असं दाखवून अशा एका फोल्डरात टाकायची जो कोणी जन्मात उघडत नाही. म्हणजे चोर आत बसून बिलांची वाट पाहत होता, गिऱ्हाईकाला मॅडमच्या नावानं खोटा खाते नंबर पाठवायला. पासवर्ड बदलला, आधीची सगळी लॉगिन बंद केली (नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आत असलेला आतच राहू शकते), रूल काढला आणि त्यांच्या साहेबाला झोपेतून उठवलं. यात हॅकिंगचं टूल एकही लागलं नाही. मेल कशी चालते, लॉगिन झाल्यावर पडद्यामागे काय होते, हे माहीत असणं लागलं, आणि ते कॉलेजात आपण बोअर होऊन शिकतो त्याच विषयांमधलं आहे.

बाबा, पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं तुम्ही विचारलं होतं ना. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या सहकारी बँकेतून जवळपास ९४ कोटी गेले. चोरट्यांनी बँकेच्या यंत्रणेत व्हायरस घुसवून एटीएमच्या खऱ्या स्विचसारखं (पैसे द्यायचे की नाही ते बँकेला विचारून सांगणारी यंत्रणा) एक खोटं उभं केलं, कोणी नकली कार्ड घालून पैसे मागितले की ते खोटं स्विच आपलं हो म्हणायचं, खात्यात पैसे आहेत की नाही पाहणारं कोणी नाही. २८ देशांतून पैसे निघाले. अशा गोष्टींमुळेच आता बँकांना रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसं लागतात, रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्येच बँकांना तसं सेंटर उभारायला सांगितलं होतं. म्हणजे काम आहे, आणि राहणार आहे.

आता माझं मत. स्नेहलनं साधं कम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं. ब्रँचच्या नावात 'सायबर सिक्युरिटी' असलंच पाहिजे असं काही नाही, त्या नावापायी लांबचं महागडं कॉलेज तर मुळीच नको. ऑप्शन फॉर्ममध्ये अमरावतीचं शासकीय वर ठेवा, मग नागपूर, चंद्रपूर, आणि आईच्या मनासारखं शेगावचं गजानन महाराजांचं कॉलेज पण टाका, ते खरंच चांगलं आहे. आणि हे नीट ऐका, जुलै २०२४ च्या जीआरनं ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन प्रवेश फेरीतूनच पाहिजे, आणि खाजगी विद्यापीठ चालत नाही. म्हणजे ॲडमिशन करून देणारा तो एजंट तुम्हाला जी डायरेक्ट सीट दाखवून राहिला तिथे ही माफी मिळणार नाही, हे तो सांगणार नाही. होस्टेल-मेसचा खर्च आपल्यालाच लागेल, तो मी पाहतो.

समजा नंबर नाही लागला मनासारखा, तरी घाबरायचं कारण नाही. बी.एस्सी. कम्प्युटर करून पुढे मास्टर्स करणारी पोरं माझ्या टीममध्ये आहेत. डिग्रीनंतर सी-डॅक या सरकारी कम्प्युटर संस्थेचा सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, डिटिस म्हणतात त्याला, सी-कॅट परीक्षा देऊन ॲडमिशन होते. पैसे खर्चायचेच असतील तर तेव्हा तिथे खर्चू. सीईएच, ओएससीपी असली हॅकिंगच्या परीक्षांची सर्टिफिकेटं आताच नको. जाहिरातींमध्ये सीईएच मागतात हे खरं आहे, माझ्या मते त्यात नावच मोठं आहे. ओएससीपीची परीक्षा दमदार, जवळपास २४ तास बसून खरोखरची मशीनं फोडून दाखवायची, पण महाग आहे, नोकरी लागली की बऱ्याच कंपन्या खर्च देतात.

स्नेहल, हे तुला. क्लासमध्ये जे शिकवणार ते नेटवर फुकट मिळते. लिनक्सचे (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीत पण आहेत. ते झाले की 'ओव्हरदवायर'चा 'बँडिट' नावाचा खेळ सुरू कर, नुसता काळा पडदा असते, एका लेव्हलला पुढच्या लेव्हलचा पासवर्ड शोधायचा, आणि आपल्या गावच्या रडक्या रेंजवरही चालते. वेबसाईटचं शिकायला पोर्टस्विगरची अकॅडमी, तीही फुकट. लॅपटॉप मी सेकंडहँड पाहून ठेवला, १६ जीबी रॅमचा. आणि गावात कोणी येऊन म्हणेल, ताई फलाणीचं इन्स्टाग्राम खोलून दे ना. काकाचा पोट्टा तर म्हणेलच! सरळ नाही म्हणायचं. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय घुसणं हा २००० च्या आयटी कायद्यात गुन्हा आहे, कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर ५ लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. एकदा केस झाली तर या लाईनमध्ये कोण घेईल?

आई, नाईट शिफ्टचं तुझं टेन्शन खोटं नाही. सुरुवातीची एकदोन वर्षं बऱ्याच ठिकाणी नाईट असते, मुलींना पण, आमच्याकडे घरापर्यंत गाडी सोडते. पण सगळी कामं रात्रीची नसतात, कोड तपासायचं, ऑडिटचं, ते दिवसाचंच आहे. आणि मावशीनं आणलेल्या स्थळाचं ती डिग्री झाल्यावर पाहू, आत्ता तिच्यासमोर तो विषयच काढू नको.

बाबा, सोमवारी यवतमाळला जाच, पण क्लासमध्ये नाही, जात पडताळणीच्या ऑफिसात. तिची फाईल कुठे अडकली ते विचारा, पावती सोबत न्या, आजोबांचा दाखला पण. नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला सेतूवर निघेल, तिथे गर्दी व्हायच्या आत जा. टोकन दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर पावतीचा फोटो मला पाठवा, मी बोलतो त्याच्याशी.

तुमचा
बबलू