लोअरिंग किटमधल्या विजोड स्प्रिंगांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: १९७२ च्या शेवरले सी१० पिकअपसाठी घेतलेल्या किटमधील पुढच्या स्प्रिंगा बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून मी पुढचं सस्पेन्शन खाली घेण्याचं किट मागवलं. अडीच इंच ड्रॉपचे, म्हणजे गाडी तेवढी खाली आणणारे, दोन स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) आणि दोन इंच ड्रॉपच्या दोन कॉइल स्प्रिंगा, मिळून साडेचार इंच. स्पिंडलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बॉल जॉइंट नीट बसले, कॉटर पिनची भोकं जुळली, चाक कुठेही घासत नाही. प्रश्न आहे तो स्प्रिंगांचा.

किट बसवून ट्रक घोडीवरून उतरवला, दोन-चार वेळा हलवून चाकांवर सैल बसू दिला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. उजवी बाजू बरोबर साडेचार इंच उतरली होती. डावी, म्हणजे ड्रायव्हरकडची, जेमतेम पावणेचार. पाऊण इंचाचा फरक नुसत्या नजरेलाही खटकतो. पुढच्या बंपरवर लेव्हल बाटली ठेवली की बुडबुडा डावीकडे पळतो. खरं तर मी आत बसल्यावर तीच बाजू जास्त दबायला हवी. तरीही ती वरच राहते, आणि माझं वजन काही कमी नाही.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर आधी सांगितलं, ‘नव्या स्प्रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो, थोडी चालवा.’ ते मला पटलं, कारण नव्या स्प्रिंगा थोड्या बसतातच. आठशे किलोमीटर चालवली. दोन्ही बाजू सारख्याच पाव इंच बसल्या, मधला फरक जागच्या जागी. दुसऱ्यांदा फोन केला तर उत्तर आलं, ‘गाडी पन्नास वर्षांची आहे, चासी वाकलेली असेल.’

याच उत्तरामुळे हे पत्र लिहितो आहे. चासी वाकडी असती तर स्प्रिंगांची अदलाबदल केल्यावरही डावी बाजूच उंच राहिली असती. म्हणून एका रविवारी मी दोन्ही स्प्रिंगा पुन्हा काढल्या. कॉम्प्रेसर लावून दाबलेली स्प्रिंग हातात असताना माणूस श्वाससुद्धा जपून घेतो; हे काम हौसेने दुसऱ्यांदा कोणी करत नाही. डावीकडची उजवीकडे लावली, उजवीकडची डावीकडे. आता उजवी बाजू वर, डावी खाली, फरक जवळपास तोच. म्हणजे दोष स्प्रिंगेबरोबर फिरतो. ट्रकचा यात काही संबंध नाही.

काढलेल्या असतानाच फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्या. उंची सारखी, आटे सारखे, रंग सारखा. जुळ्या बहिणीच जणू. मग तारेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला: एकीची जाडी १७ मिलिमीटर, दुसरीची साडेसतरा. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे दुसरी सुमारे बारा टक्के कडक निघते. मग खोक्यातल्या चिठ्ठ्या शोधल्या. दोन्हींवरचे क्रमांक शेवटच्या अक्षरात वेगळे! बसवण्याआधी त्या वाचायला हव्या होत्या, तेवढी चूक माझी. माझा अंदाज असा की कडक स्प्रिंग जड बिग ब्लॉक इंजिनासाठीची असावी आणि पॅकिंग करताना ती माझ्या खोक्यात आली. माझ्या ट्रकमध्ये ३५० घनइंचांचं, त्याहून हलकं स्मॉल ब्लॉक इंजिन आहे आणि मागणी नोंदवताना मी ते लिहिलं होतं.

शेवटच्या फोनवर मला ‘उंच बाजूचा अर्धा आटा कापून टाका’ असा सल्ला मिळाला. आटे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते. उंची कदाचित जुळली असती, पण खड्ड्यात एक बाजू वेगळी आणि दुसरी वेगळी वागली असती. शिवाय आपल्याच वॉरंटीच्या कागदावर लिहिलंय की कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग परत घेतली जाणार नाही. सल्ला देणाऱ्याने तो कागद वाचला होता का, हे कळलं तर बरं होईल.

व्हील अलाइनमेंटवाल्याने वरच्या आर्मच्या शिमा (पातळ पट्ट्या) बदलून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, कसाबसा जुळवून दिला, पण स्प्रिंगा बदलल्यावर ते सगळं पुन्हा करावं लागेल, असं त्याने सांगून ठेवलंय.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. स्मॉल ब्लॉकसाठीची, एकाच क्रमांकाची नवी जोडी पाठवावी. एकटी नको, जोडीच; आठशे किलोमीटर बसलेल्या स्प्रिंगेशेजारी कोरी लावली तर आपण पुन्हा तिथेच येऊ. जुन्या दोन्ही नेण्याचा वाहतूक खर्च आपण करावा आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या अलाइनमेंटचं बिल भरून द्यावं. मोजमापांचे, व्हर्नियरचे आणि दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, फोनवर नको.

आपला ग्राहक