आमची क्लाउडवरील मांडणी उभी करून देणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

फोंडा, डिचोली आणि सत्तरीतील घरगुती निवासांच्या आरक्षणाची जी सेवा आमचा लहानसा गट चालवतो, तिची नवी आवृत्ती आता ग्राहक संकेतस्थळावर असतानाच, भरदिवसा चढवता येते. हे आपल्या मार्गदर्शनाने घडले, म्हणून आपले आभार जाहीरपणे मानत आहे.

पूर्वी सारी मांडणी एकाच सहकाऱ्याच्या ध्यानात असे आणि तो चवथीला घरी गेला की सर्व बदल थांबत. आपण आरंभीच सांगितलेत की आज्ञांचा क्रम लिहीत बसू नका, शेवटी काय चालू असायला हवे तेवढे लिहा. एखाद्या सेवेच्या तीन प्रती हव्यात अशी नोंद केली की कुबरनेटिसचे, म्हणजे सेवांच्या प्रती अनेक सर्व्हरवर चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीचे, नियंत्रक लिखित आणि प्रत्यक्ष स्थिती सतत ताडून पाहतात, आणि एक प्रत नाहीशी झाली तर तिच्या जागी दुसरी उभी करतात. ही नोंद बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवून तिच्यावर लक्ष ठेवण्याचे आणि ती कुबरनेटिसवर लागू करण्याचे काम आर्गो सीडी या साधनाकडे सोपवल्यापासून कोणता बदल कोणी आणि का केला हे गटातील प्रत्येकाला वाचता येते. माझ्या मते आपण दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

कंटेनर (लागणाऱ्या साऱ्या गोष्टींसह बांधलेली सेवेची प्रत) सुरू झाला म्हणजे तो विनंत्या स्वीकारायला तयार झाला असे नव्हे, हेही आपण मन लावून समजावलेत. डेटाबेसशी जोडणी होईपर्यंत रेडिनेस प्रोब ही तयारी तपासणारी चाचणी त्याच्याकडे वाहतूक वळू देत नाही, म्हणूनच आवृत्ती बदलताना आरक्षणे अडत नाहीत.

आमचा आवाका पाहून आपण केथ्रीएस हे कुबरनेटिसचे आटोपशीर रूप सुचवलेत. नियंत्रणासाठी चार सर्व्हर घेण्याचा आमचा विचार होता. एटसीडीला, म्हणजे कुबरनेटिसची सारी स्थिती साठवणाऱ्या भांडाराला, निर्णयासाठी बहुमत लागते, तिघांत ते दोघांचे आणि चौघांत तिघांचे, त्यामुळे दोन्ही मांडण्या एकाच सर्व्हरचा बिघाड सोसू शकतात, हे आपण कागदावर मांडून दाखवलेत आणि आमचा खर्च वाचवलात.

ऑगस्ट 2023 मध्ये लिखित नोंदीवरून सर्व्हर वगैरे उभारून देणाऱ्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना बदलला, तेव्हा आमच्या वापराला त्याची तातडीची बाधा नाही हे आपण प्रामाणिकपणे सांगितलेत. तरीही दूरचा विचार करून आम्ही लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनटोफू हे टेराफॉर्मपासूनच निघालेले मुक्तस्रोत साधन निवडले. कोणताही बदल लागू करण्यापूर्वी त्याचा आराखडा दोघांनी वाचावा, हा आपला आग्रह आम्ही नियम म्हणून पाळतो.

या सर्वांसाठी आपण वेळ दिलात आणि मोबदला घेतला नाहीत, याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक ऋणी आहोत. आपल्या टिपणांवरून मराठीत तयार केलेली मार्गदर्शिका गोव्यातील इतर लहान गटांना मुक्तपणे वापरता यावी असा मानस आहे. ती सोबत पाठवली असून, आपण नजरेखालून घालावी ही विनंती.

आपला कृतज्ञ,
फोंड्यातील एक विद्यार्थी