कपारोकाठच्या मळेवाल्यांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपतीतल्या आपल्या अळूवड्यांचं कौतुक सगळे करतात. ते अळू आणि केळीची पानं इथल्या, त्रिनिदादच्या कपारो नदीकाठच्या मळ्यांतून येतात, पिकअप भरून, आणि पैशाचं नाव काढू देत नाहीत. या मळेवाल्यांचे पूर्वज 1845 ते 1917 या काळात करारावर ऊसमळ्यांत राबायला आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. आपण मराठी माणसं त्रिनिदादला फार उशिरा आलो, तरी त्यांनी आपल्याला घरचं मानलं.

नदी लहानच. मध्य डोंगररांगेतून पश्चिमेला येते. जानेवारी ते मे तिच्यातलंच पाणी पंपाने उपसून भेंडी, वांगी, कारली, चवळीच्या शेंगा पिकतात. जूनपासून तीच मळ्यात शिरते. पात्रात गाळ, त्यात बांबूची बेटं आडवी पडलेली, पाणी जाणार कुठून? दोन दिवस तुंबलं की वेल वरून हिरवा दिसतो, पण उपटला तर मुळं हातात गळून येतात.

ऑक्टोबर 2018 चा पूर आठवा. पॉइंट लिसासचा पोलाद कारखाना 2016 लाच बंद झाला होता. तिथली आपली मंडळी पुण्या-नाशिकला परतलेली, तरी पहिले पैसे त्यांचेच आले! विद्यापीठातल्या काकांनी आपली गाडी चिखलात घातली ती आठवडाभर. कूव्हाच्या काकूंनी पातेल्यांवर पातेली खिचडी रांधली. मळेवाले अजून तिचं नाव काढतात. या सगळ्यांचे मंडळ ऋणी आहे.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र ग्रुपवर जोडलेल्या हातांचा खच पडला आणि पेटीत खडखडाट. ‘हे सरकारचं काम,’ असंही ऐकवलं गेलं. असेल. अळूच्या जुड्या घरी नेताना सरकार कुणाला आठवलं नव्हतं.

असो. यंदा पावसाआधी पात्र मोकळं करायचंच आहे. कुटुंबामागे किमान 300 टीटी (त्रिनिदादी) डॉलर, खजिनदारांकडे रोख किंवा नेहमीच्या खात्यात (‘कपारो’ लिहावे), 20 मेपर्यंत; पावती मिळेल. त्यातून जेसीबीचं भाडं, डिझेल, उरल्यास मिरची-वांग्याची रोपं. श्रमदान 30 मे, भारतीय आगमनदिनाची सुट्टी, सकाळी 7, पुलाजवळच्या देवळापाशी. गमबूट, कोयता, पिण्याचं पाणी आपापलं. लहान मुलं आणू नयेत. गाडीत जागा असल्यास आधी कळवावे, शग्वानसच्या आजोबांनाही यायचं आहे.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)