परागकण पडला, पुढे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला परागीभवनावरचा लेख आवडला, पण 'परागकण कुक्षीवर पडला की फलन होते' हे वाक्य खटकले. बारावीच्या पेपरात मी अर्धा गुण कापला असता. कुक्षी म्हणजे स्त्रीकेसराचे टोक; तिथून बीजांडापर्यंतचा (ज्याचे पुढे बी होते) प्रवास तर अजून व्हायचाच असतो! मक्यात तो वीतभर लांब असू शकतो. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट. परागकणातून फुटणारी बारीक नळी, म्हणजे परागनलिका, ती वाट साधारण दिवसभरात उतरते. केस आधीच उन्हाने करपला, तर तिथे दाणा भरत नाही.

32 वर्षे मी हे प्रात्यक्षिक घेतले. सदाफुलीचे पराग, 10 टक्के साखरेचे पाणी, चिमूटभर बोरिक पावडर (कॅरमवर टाकतात तीच). अर्ध्या-पाऊण तासात सूक्ष्मदर्शकाखाली कणांना शेपट्या फुटलेल्या दिसत. आणि दर वर्षी कोणी तरी विचारीच, "बाई, या सगळ्या वाट्टेल तिकडे का चालल्यात?" मी सांगत असे, काचपट्टीवर बीजांड नाही, मग बोलावणार कोण?

बीजांडातले नेमके कोण बोलावते, ते जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेत्सुया हिगाशियामा यांनी 2001 साली दाखवले. त्यांनी घेतला टोरेनिया, आपल्याकडे नर्सरीत कुंडीत मिळतो तोच. त्याचा भ्रूणकोष (अंडपेशी असलेली बीजांडातली पिशवी) बीजांडाबाहेर डोकावतो, त्यामुळे आतल्या पेशी दिसतात. लेसरने एकेक पेशी मारून पाहिली. अंडपेशी मारली तरी नलिका येतच राहिल्या. तिच्या शेजारच्या दोन्ही सहायक पेशी मारल्या, तेव्हा कुठे त्या यायच्या थांबल्या. या पेशींतून पाझरणारी छोटी प्रथिने 2009 मध्ये सापडली. नाव ठेवले 'ल्युअर', म्हणजे आमिष. ते मिसळलेला जिलेटिनचा मणी नलिकेच्या टोकाजवळ ठेवला, की ती वाढता वाढता तिकडे वळते.

मला खरी चपराक बसली ती वेगळ्याच गोष्टीने. टोरेनियात जी नलिका कुक्षीवृंतातून (कुक्षीखालच्या दांड्यातून) वाढत आलेली असते, तीच या हाकेला ओ देते. माझ्या काचपट्टीवरच्यासारखी नुसत्या कृत्रिम माध्यमावर रुजलेली देत नाही. सदाफुलीतही असेच होत असेल, तर माझ्या काचपट्टीवर बीजांड आणून ठेवले असते तरी त्या शेपट्या वाट्टेल तिकडेच गेल्या असत्या. तेव्हा तो अर्धा गुण माझाही कापावा.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, वाई (जि. सातारा)