काका, तुम्हाला ऐकूच न आलेल्या त्या आवाजाबद्दल

शेजारच्या काकांना,

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, चाकातली हवा बघितलीस का" असं काहीतरी काढून विषयच बदलता. आणि दुसरं म्हणजे या पाच महिन्यांत मला इतक्या जणांनी सांगितलंय की अरे आमच्या गाडीला पण मागून तसाच आवाज येतो, आम्ही सरळ गाणी मोठ्याने लावतो, तर म्हणलं त्यांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते. सूनबाई वाचून दाखवतील तुम्हाला. जरा मोठ्याने वाचा म्हणावं.

तर आवाज. सुरुवातीला फक्त सकाळी यायचा, गाडी थंड असताना, पहिल्या एक-दोन स्पीड ब्रेकरवर, कुईं करून, बिनतेलाच्या बिजागरासारखा. मग दिवसभर यायला लागला. मागच्या सीटवर कोणी बसलं की जास्त, एकटा असलो की कमी. गाडी धुतली की दोन दिवस एकदम शांत, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पावसात तर पूर्ण गायब, मला वाटलं आपोआप बरा झाला (आपोआप बऱ्या होणाऱ्या गाड्या अजून निघायच्यात हे तेव्हा कळायला हवं होतं).

ही सगळी माहिती माझ्याकडे पहिल्यापासून होती काका. पण मला ती कोणी विचारली नाही आणि मीही कोणाला सांगितली नाही. ज्या वर्कशॉपात गेलो तिथे मी "मागून आवाज येतो" एवढंच म्हणालो, त्यांनी गाडी दोनदा दाबून बघितली आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलून टाकले. नवीन शॉकअप घालून बाहेर पडलो आणि गेटवरच कुईं. वर आता सोबत एक नवीन आवाजही, जाडसर, करर्र असा. ते म्हणाले नवीन पार्ट आहे, सेट होईल. महिनाभर वाट बघितली, काही सेट झालं नाही. मग मी स्वतःच शहाणपणा करून जिथे जिथे काळं रबर दिसेल तिथे इंजिन ऑइल सोडलं. त्याबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही, पण बरोबर बोललात.

आणि मग त्या रविवारी मी डिकी उघडून गाडीवर वरखाली नाचत होतो तेव्हा तुम्ही येऊन विचारलंत, काय रे, काय चाललंय. मी म्हणलं काका हा आवाज ऐका. तुम्ही कान देऊन ऐकलंत, मी दाबतोय, गाडी कुईं कुईं करतेय, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला काही ऐकू येत नाही."

खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं संपलं. वयाबरोबर बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात हे माहीत होतं, आणि हा आवाज नेमका तसाच. म्हणलं आता हे काका माझा रविवार घालवणार. माफ करा, पण असंच वाटलं होतं.

तुम्ही मात्र आवाज कुठून येतो हे विचारलंतच नाही. विचारलंत कधी येतो. गाडी चालताना येतो की उभी असताना पण? वेग वाढला की आवाजाची गती वाढते का? ब्रेक मारला की बदलतो का? धुतल्यावर जातो का? मी एकेक उत्तर देत गेलो आणि तुम्ही बोटं मिटत गेलात. वेगाबरोबर बदलत नाही म्हणजे चाक, बेअरिंग, ब्रेक हे जरा बाजूला ठेव. उभी असताना दाबली तरी येतो म्हणजे खालीवर होण्याशी संबंध आहे. पाण्याने जातो म्हणजे काहीतरी कोरडं घासतंय. आणि ते वाक्य, जे मी आता सगळ्यांना ऐकवत फिरतोय, "ठक आला तर काहीतरी सैल आहे, कुईं आला तर काहीतरी घासतंय." पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून मोकळी. मी पाच महिन्यांत एवढं केलं नव्हतं.

मग डिकी रिकामी करायला लावलीत. मला वाटलं उगाच, पण स्टेपनी काढली, जॅक काढला, मागचा तो झाकणाचा फळा काढला, मागची सीट पाडून तिचा लॉक जिथे अडकतो त्याला फडकं गुंडाळलं. तुमचं म्हणणं की निम्म्या वेळा सस्पेन्शनचा (म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) म्हणून जो आवाज लोक शोधतात तो सीटच्या लॉकचा नाहीतर डिकीच्या दाराच्या रबराचा निघतो. आमचा नव्हता. पण मला आवडलं की आधी फुकटात होणारं सगळं केलंत.

हँडब्रेकची गोष्ट तर मी आयुष्यात विसरणार नाही. मी सवयीने तो ओढून ठेवला होता आणि तुम्ही म्हणालात सोड तो. गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावले, मगच सोडू दिलात. कारण काय, तर मागचं चाक ज्याला धरून असतं तो आर्म वरखाली होताना कमानीत फिरतो, त्यामुळे चाकाला थोडंसं मागेपुढे व्हावंच लागतं, आणि हँडब्रेकने ते जखडलेलं असलं की ब्रेकच करकरतो आणि आपण तो आवाज सस्पेन्शनच्या नावावर लिहितो. आमच्याकडे तसंच झालं, हँडब्रेक सोडल्यावर तीनातला एक आवाज गेला. म्हणजे मी पाच महिने दोन आवाजांमागे होतो आणि तिसरा रोज स्वतःच तयार करत होतो!

आता खरी गंमत. तुम्ही गाडीच्या मागे पालथे झोपलात, गाडी चारी चाकांवर, सपाट जागेवर, जॅक नाही काही नाही, कारण तुमच्या मते गाडी उचलली की मागचं सगळं लोंबकळतं, रबरांवरचा ताण बदलतो आणि आवाज लपून बसतो. एक हात आत घातलात. डोकं बाहेरच. मला सांगितलंत दाब, आणि आवाज आला की "आला" म्हण. बास, एवढंच काम.

मी दाबायचो. आला. तुमची बोटं शॉकअपच्या नळीवर. आला. मग खालच्या बोल्टपाशी. आला, आला. मग तुम्ही थोडं सरकलात आणि तळहात स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्यावर बाहेरून टेकवलात (वेढ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, हे मला तीनदा सांगितलंत), आणि मी आला म्हणायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "आला." मी परत दाबलं, परत तुम्ही आधी. डोळे मिटलेले, आवाज ऐकू येत नाही, आणि माझ्या आधी सांगताय. तुम्ही माझा हात धरून तिथे लावलात तेव्हा मलाही कळलं, दाबताना स्प्रिंग गुळगुळीत खाली जात नाही, बारीक बारीक झटके देत जाते, खरखरीत कागदावरून नख ओढल्यासारखी.

आणि बाजू उजवी. मी तर शपथेवर सांगत होतो डावी. आत बसून ऐकलं की पत्रा आवाज कुठल्या कुठे घेऊन जातो, म्हणून गाडीत बसून बाजू ठरवायची नाही म्हणालात.

दुसरा कोणी असता तर तिथेच पाने काढले असते. तुम्ही घरातून पाण्याची फवारणीची बाटली आणलीत. साधं पाणी. एका वेळी एकच जागा भिजवायची, दहा वेळा गाडी दाबायची, मग पुढची. आधी शॉकअपचा खालचा बुश, म्हणजे बोल्टभोवतीचं रबर, भिजवला, तो जाडसर करर्र गेला पण कुईं तसाच. मग आर्मचा पुढचा मोठा बुश भिजवला, काही फरक नाही. मग स्प्रिंग जिच्यावर टेकते ती खालची रबरी बैठक, आणि कुईं बंद. एकदम बंद. मी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होतो आणि तुम्ही म्हणालात, उद्या वाळल्यावर उलट्या क्रमाने करू. दुसऱ्या दिवशी आधी स्प्रिंगची बैठक भिजवली, कुईं गेला करर्र राहिला, मग बुश, तोही गेला. तेव्हा कुठे तुमची खात्री पटली. मी विचारलं तेल का नाही मारायचं सरळ, तर म्हणालात पाणी वाळतं आणि मागे काही ठेवत नाही, तेल सगळीकडे पसरतं, मग कुठल्या जागेने आवाज थांबला ते कळत नाही, आणि पेट्रोलियमचं तेल या रबराला फुगवून मऊ करतं ते वेगळंच. रबराला काही लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस. इंजिन ऑइल आठवून मी गप्प बसलो.

मग शेवटी गाडी वर घेतली, तीसुद्धा नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड लावून. माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे उभे असतात, त्यामुळे शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम जॅकवर हळूहळू खाली सोडला तशी स्प्रिंग मोकळी होऊन हातात आली. खालची रबरी बैठक काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. आतल्या बाजूला वाळू बसलेली होती, नुसती वर पडलेली नाही, रबरात रुतलेली. आणि स्प्रिंगचं शेवटचं टोक जिथे टेकतं तिथला रंग उडून लोखंड चांदीसारखं चकाकत होतं, बाकी सगळी स्प्रिंग मळकट काळी आणि तेवढंच बोटभर चकचकीत. "हा बघ तुझा आवाज," तुम्ही म्हणालात. पाच महिने ज्याने डोकं खाल्लं तो आवाज असा डोळ्याने बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता करर्र. तो नवीन शॉकअपमुळेच होता पण शॉकअपचा दोष नव्हता, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय कारण हे मला कुठेच कोणी सांगितलं नव्हतं. त्या बुशच्या मधे एक लोखंडी नळी असते, रबर तिला चिकटलेलं असतं, बोल्ट आवळला की ती नळी जागेवर पक्की होते आणि मग आर्म हलेल तसं रबर पिळलं जातं, फिरत नाही, पिळतं. गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना बोल्ट शेवटचा आवळला तर रबराची सरळ स्थिती ती ठरते, आणि गाडी खाली टेकली की ते बिचारं कायमचं पिळलेलं. मग कुरकुरतं आणि लवकर फाटतं. माझे बोल्ट तसेच आवळलेले होते. तुम्ही नवीन बैठका बसवून (दोन्ही बाजूंच्या, एकाच बाजूची नाही), स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला नीट टेकतंय ना ते बोटाने चाचपून, बोल्ट नुसते हाताने घट्ट केलेत, गाडी चाकांवर उतरवलीत, चार-पाच वेळा दाबून बसवलीत आणि मग किती जोर लागला ते मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळलेत. बुश अजून फाटला नव्हता म्हणून वाचला.

माझे जुने काढलेले शॉकअप तुम्ही माळ्यावरून उतरवायला लावलेत ते आठवतंय ना. कुठे तेलाचा ओघळ नाही, दांडा आत दाबला तर सगळीकडे सारखा जड जातोय आणि सोडला की हळूहळू स्वतःच बाहेर येतोय. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्याकडे बघून ते परत पिशवीत घातलेत. बोलला असता तर बरं झालं असतं.

चक्कर मारायला गेलो तेव्हा तुम्ही मागे बसलात, एक हात मागच्या पत्र्यावर टेकवून. पहिला स्पीड ब्रेकर आला, मी श्वास धरला, काही नाही. दुसरा, काही नाही. आरशात बघितलं तर तुम्ही माझ्याच तोंडाकडे बघत होता. मी म्हणलं, काका, गेला. तुम्ही म्हणालात, "मला काय सांगतोस, मला तर कधी आलाच नव्हता," आणि असे हसलात की गाडी हलली. तरी आवाज आला नाही.

दोन महिने झाले आता. पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही, मागे तीन माणसं बसवून पण फिरलो. शांत आहे.

तुमची ती पाण्याची बाटली अजून माझ्याकडेच आहे. तिचा फवारा माझ्याकडून तुटला म्हणून इतके दिवस आणून दिली नाही, आता नवीन घातलाय. फक्त परवा माझ्या मित्राची गाडी येतेय, मागून डावीकडून आवाज येतो म्हणतो. म्हणजे तो तरी म्हणतो डावीकडून. तेवढी तपासतो आणि संध्याकाळी आणून देतो.

तुमचा,
शेजारचा इंजिन ऑइलवाला